पाचवं पान

चौदा महिन्यांनी पासवर्ड
बोटांना आठवला, मला नाही.
पाच हजार टाकलेत, निलांबरीला सांगून.
"गेले की उठायचं," एवढंच म्हणाली ती.

दुसऱ्याच तासाला दोन एक्के,
इस्पिक आणि बदाम.
समोर कुणी 'उरणचा वाघ',
गुलामांच्या जोडीवर सगळं पुढे सरकवतो.
मीही सरकवतो.
चार पानं माझ्या बाजूची.
पाचव्याला रिव्हर म्हणतात.
गुलाम.

आमच्या खिडकीखालीही एक नदी आहे, दहिसरची.
नकाशात निळी आहे.

चव्वेचाळीस पानं उरली होती,
त्यातली दोन त्याच्या कामाची.
मागच्या खेपेला असंच झालं, तेव्हा
मोठं टेबल उघडलं, मग त्याहून मोठं,
मग ईशानच्या क्लासची फी.

अण्णा मेंढीकोट हरले की म्हणायचे,
पानंच आली नाहीत.
जिंकले की डोक्यावर टिचकी मारून दाखवायचे.
मी त्यांचाच.

वही काढतो.
डावीकडे निर्णय: बरोबर.
उजवीकडे निकाल: वजा अठराशे.
मधली उभी रेघ मारायला
चौदा महिने लागले,
आणि अजूनही ती जरा वाकडीच येते.

पुढचा हात सत्ती-दुर्री. टाकतो.
नव्वी-तिर्री. टाकतो.
फ्रिज घरघरून गप्प होतो.
राणी-चौकी, जीव होत नाही,
टाकतो.

आतून निलांबरी, झोपेतच:
"कसं चाललंय?"

कुठल्या रकान्यातलं सांगू?