चौदावं मिनिट

रात्री, लेकरं निजल्यावर
मी कोटांच्या कपाटात बसून शिकवते.
बाहेर नारिन गावचा वजा सव्वीस,
आत नवऱ्याच्या जुन्या फरकोटाला सांगते
उष्णता कुठून कुठे वाहते, आणि का.
कोट मान डोलावत नाही. बरंय.
मध्येच किटली शिट्टी घालते,
तीही राहते फितीत.
पोरं म्हणे शिट्टीवरून ओळखतात, आता सूत्र येणार.
दुप्पट वेगानं ऐकतात मला,
मिनीबसच्या मागच्या सीटवर, मेंढ्यांना गवत टाकताना,
चिमणीसारखी चिवचिवत असणार मी.

सकाळी वर्गात मात्र माझी दातखीळ.
फळा कोरा, बाकं भिंतीला सारलेली.
गृहपाठ कॉलेजात आणि कॉलेज घरी.
प्राचार्य म्हणाले, "बाई, मग पगार कुणाला द्यायचा, कपाटाला?"

टेबलावर खोकी.
यंदा कुणी घेईना म्हणून ओढ्याकाठी टाकलेली लोकर,
गव्हाचा पेंढा, रद्दी.
खोक्याखोक्यात उकळत्या पाण्याची बाटली, एक थर्मामीटर.
ज्याचं पाणी सगळ्यात उशिरा निवेल
त्याच्या भिंती वरच्या वाडीतल्या बालवाडीला.

बेक्तूरची लोकर बोटभर जाड,
धुतलेली, पिंजलेली, आईनं ठोकून दिलेली.
एल्नुराकडे नुसते चुरगळलेले कागद.
अकरा वाजता एल्नुरा अठ्ठावन्न.
बेक्तूर एकोणपन्नास.

मला दिसत होतं.
झाकणाच्या कोपऱ्यात लोकर आखूड पडलेली,
करंगळी जाईल एवढी फट.
अगदी ओठावर आलं होतं.
खिशातली किल्ली घट्ट धरून उभी राहिले.

त्यानं थर्मामीटर झटकला,
मग एल्नुराचा तपासला,
मग मेंढीच्या सात पिढ्या उद्धरल्या,
मग गप्प.
मग ओठ ओले करून
खोक्याच्या कडेकडेनं तोंड फिरवू लागला,
वासरू आचळ शोधतं तसं.
थांबला.
"इथून जातंय."

हेच मी बोलले होते चौदाव्या मिनिटाला,
आकृती काढून, बाण काढून, दोनदा.
कुणाला आठवलं नाही.
मीही काढलं नाही.

आज पुन्हा कपाटात शिरले
आणि चौदावं मिनिट पुसून टाकलं.
आता तिथे फक्त किटली,
कोटांची खसफस,
बाकी काही नाही, साठ सेकंद.

त्यांच्या वेगानं तीस.