दोष आढळला नाही

बेटावरून ओबानला जायला
फेरीबोटीत पन्नास मिनिटं लागतात.
तेवढ्यात इंजिन निवतं.

ग्लेन मोरच्या चढावर जी खट्-खट्
गुडघ्यातून थेट दाढेपर्यंत चढते,
ती पलीकडच्या धक्क्यावर
मास्तरांसमोरच्या पोरासारखी गप्प.

वॉरंटीत दोनदा उघडलं.
टायमिंगची साखळी नवी, टेन्शनर नवा,
बिलावर शून्य पौंड, आणि खाली
स्ट्रुअनच्या तिरक्या अक्षरात:
दोष आढळला नाही.
परतताना त्याच चढावर, त्याच मेंढ्यांदेखत
ये रे माझ्या मागल्या.

एली म्हणते, विकून टाक.
कुणाला विकू? बेटावर सगळ्यांनी ऐकलंय.

फोनवर मी तोंडाने आवाज काढून दाखवला.
स्ट्रुअन म्हणाला, पुन्हा काढा.
काढला. पोस्टातल्या रांगेत
शांतता पसरली.

वॉरंटीला अकरा दिवस उरले तेव्हा तोच आला.
मागच्या सीटवर बसला.
चढ लागला, आणि मी मनातल्या मनात
हाका मारायला लागलो तिला.
कुठल्याच दुखण्याला कधी
इतक्या आर्जवाने बोलावलं नव्हतं.

आली.
त्याने माझ्या पाठीवर थापा मारल्या,
तिच्याच लयीत.

मग रस्त्याकडेला, तापल्या इंजिनापाशी
तो बराच वेळ उकिडवा बसला.
"ऐकलं," म्हणाला.
"काय आहे ते मात्र कळलं नाही."

थर्मासच्या एकाच झाकणात
आम्ही आळीपाळीने चहा घेतला.
इंजिन निवत होतं, टिक्, टिक्.
शेवटच्या बोटीला अजून तास होता.