बारावी

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात
पहिल्या दिवशी मुकादमाने विचारलं, शिक्षण?
कुमुद गिरप म्हणाली, बारावी.
त्याने वहीत लिहिलं : बारावी पास.
ती खोटं बोलली नव्हती.

हे मला कळायला नऊ हंगाम गेले.
आम्ही शेजारी बसायचो, हाताला राख लावून.
चिकाने बोटं सगळ्यांचीच काळी,
तिची करंगळी मात्र भलतीकडे बघायची.
विचारलं की म्हणे, "चेंडू लागलो गो."
आम्हाला वाटायचं, कुणा पोराचा असेल.

मग मुंबईहून एक लांब लिफाफा आला.
माजी महिला खेळाडू, मानधनासाठी अर्ज.
"तुजा अक्षर बरा," म्हणाली, "भर."
सामने. धावा. बळी. झेल.
चार रकाने,
आणि ती चारही वेळा म्हणाली,
"कायएक नाय."

मग लिहू काय?

"लिव, पाणी."

मर्सीला गार चालायचं नाही, दाढ ठणकायची.
रझियाचा रोजा असला की ती नुसती चूळ भरायची
आणि पेला परत द्यायची;
त्याच उन्हात तिने एकवीस षटकं टाकली, ओळीने.
निरुपमा घाबरली की तहानेची खूण करायची.
कुमुद धावत जायची, आणि पेला
भरलेलाच घेऊन परतायची.
तिला पाणी नको असायचं,
कुणीतरी जवळ येऊन "निरू" म्हणायला हवं असायचं.

देशाचा संघ, आणि बॅटी तीन.
बाद झालेली येता येता
पुढचीच्या हातात बॅट द्यायची.
मधली घामाची मूठ पुसायची, ते काम कुमुदचं.
निजायला शाळेचे वर्ग, उशाला पॅड,
फळ्यावर आदल्या दिवशीचं गणित तसंच.
ब्लेझर ज्याचा त्याने शिवायचा.
तिच्या बापाने त्या वर्षी नवं जाळं घेतलं नाही,
जुनंच सांधलं, आणि भर हंगामात
बांगडे त्यातून निसटत राहिले.
खिशावरची जर खाऱ्या वाऱ्याने
कधीच हिरवी पडली.

एकदाच, शेवटच्या दिवशी,
लीलावतीचा घोटा मुरगळला
आणि कुमुद सहा षटकं पॉइंटला उभी राहिली.
पाचव्यात झेल आला.
आला तो करंगळीवर.

"धरलास?"
"सुटलो."

सुटलेल्यांचा रकाना अर्जात नव्हता.

दुपारी सुपात तिने मैदान मांडलं.
अख्खे पांढरे गर, परदेशी जाणारे,
मुकादमाने पाहिलं असतं तर रोजच कापला असता.
ही मर्सी, यष्टींमागे. ही रझिया.
ही निरुपमा, हिला कडेला नको, एकटी पडेल.
अकरा झाल्या.
मग एक पाकळी उचलली, अर्धी,
सुपाच्या काठावर ठेवली,
जरा बघितली
आणि तोंडात टाकली.

"सामने" पुढे मी शून्य घातलं नाही.
रेघही मारली नाही.
महिन्याने उत्तर आलं : अर्ज अपूर्ण.
तिने ते दोनदा वाचायला लावलं.
"खरां तां," म्हणाली, आणि राखेत हात घातले.

परवा बंदरावर ओहोटी होती.
ओल्या रेतीत पोरी खेळत होत्या,
यष्टी म्हणून मोडकं वल्हं.
चेंडू लाटेत गेला.
"मावशे गो!" पोरी ओरडल्या.
हातातली पाटी तिने माझ्याकडे दिली,
लुगडं गुडघ्यावर खोचलं
आणि शिरली पाण्यात.
दोन लाटा जाऊ दिल्या.
तिसरीला वाकून चेंडू उचलला,
दोन्ही हातांनी,
करंगळी तेवढी बाजूला ठेवून.