फाउंडेशन

वडाळा नाक्यावर, टायरवाल्याच्या मागच्या गाळ्यात
माझी अठ्ठ्याहत्तरची पद्मिनी
चार महिने तोंड उघडून उभी.
जुनं इंजिन निघालं त्या दिवशी पोकळीत वाकून
मी सवयीने आधी पाहिलं
हाड किती उरलंय.

आता तिथं जिप्सीचं इंजिन बसायचंय,
अंबड लिंक रोडच्या भंगारातून
दगूभाऊंच्या शब्दावर घेतलेलं.
दगूभाऊ म्हणतात, इंजिन काय, कुणीही आणेल.
ते कशावर टेकतं ते विचारा.
आणि पत्र्याच्या टेबलावर तीन जोड्या मांडतात,
मी पेशंटपुढे दातांच्या छटा मांडते तशा.

एक लोखंडाची. पट्टी, बोल्ट, बस्स. शर्यतवाल्यांची.
एक पॉलीयुरेथेनची, लालभडक,
भाच्याने पुण्याहून मागवून दिलेली.
आणि एक काळी, सातपूरला कुणाच्या तरी प्रेसमध्ये दाबलेली,
अंगठा टेकवला की ठसा क्षणभर धरते
आणि विसरते.

मी लाल उचलली.
दगूभाऊ काही बोलले नाहीत.
बिल करतानाही ते बोलत नाहीत.

लालवर बसवलं. गिअरबॉक्सखाली जुनंच मऊ रबर राहिलं.
स्टार्टर मारला
आणि आरशात मागचा रिक्षावाला दोन झाला.
कप्प्याचं झाकण बडबडायला लागलं, मग ॲशट्रे,
मग डाव्या दाराची काच,
मग माझी स्वतःची, मीच भरलेली दाढ.

दगूभाऊंनी लांब पेचकस घेतला,
टोक गिअरबॉक्सच्या कानाला लावलं,
मूठ दातांत धरली, डोळे मिटले.
एक कान ग्राइंडरने खाल्ला, तेव्हापासून
ते असेच ऐकतात.
म्हणाले, इंजिनाला कडक नि गिअरबॉक्सला मऊ,
असं जमत नाही, डॉक्टर.
एकाने झुलायचं, दुसऱ्याने नाही,
मग मधलं बेलहाउसिंग सोसत राहतं.
एक दिवस कान तुटतो.
फार आवाजही होत नाही.

मला मात्र दिसत होता
पेचकशाच्या मुठीवर टेकलेला त्यांचा खालचा दात.
हलत होता.

म्हटलं, दगूभाऊ, दात हाडात थेट रुतलेला नसतो.
मध्ये पडदा असतो, दोन-तीन केसांएवढा जाड.
दात त्याच्यावर झुलतो
म्हणून भातातला खडा कळतो.
मी स्क्रू पिळून बसवते ना, ते महागाचे दात,
त्यांना खडा कळत नाही.
फुटेपर्यंत कळत नाही.

ते हसले नाहीत.
"मग लाल कशाला उचलली?"

त्यानंतर दोन दिवस आमचं काम सरळ चाललं.
तिन्ही ठिकाणी एकच काळं, साठ नंबरचं रबर.
ऑइल गळून पडेल तिथं वरून पत्र्याची टोपी,
कारण तेल लागलं की रबराचा गूळ होतो.
चेंबर क्रॉसमेंबरला घासत होता,
बोटभर वर उचलला, तर पंखा रेडिएटरशी भिडला,
पुन्हा मागे, पुन्हा खाली.
शाफ्टचा कल त्यांनी ओळंब्याने काढला,
ओळंबा म्हणजे नाडा आणि एक जुना स्पार्कप्लग.

रविवारी पांडवलेणीपर्यंत गेलो.
आरशात एकच ट्रक होता, टोमॅटोंचा.
उभ्या गाडीत अजून थोडी थरथर आहे,
स्टिअरिंगवर तळवा ठेवला की लागते.
पैसे विचारले तर म्हणाले, दाताचं बघा.

गुरुवारी ते कॉलेज रोडला आले, इस्त्रीचा शर्ट घालून,
बूट दाराबाहेर काढून.
खुर्चीत टेकले, मोठा आ केला,
मी आरसा आत घालणार
तोच त्यांनी हात वर करून थांबवलं.
तळवा खुर्चीच्या दांड्यावर, डोळे मिटलेले.

"कॉम्प्रेसर खाली नुसत्या फरशीवर ठेवलाय ना?"

आणि उत्तराची वाट न बघता
इस्त्रीच्या खिशातून त्यांनी काढल्या
चार काळ्या चकत्या.