येण्याचे कारण

पवनीच्या लॉजवर गजभियेनं विचारलं,
"लग्न हाय, का दवाखाना?"
"काईच नाई," हे म्हणाले.
त्याचा पेन थांबला.
'येण्याचे कारण', तो रकाना कोराच राहिला.

मग आम्ही किल्ल्याच्या दारात बसून
भिवापुरी मिरचीची पोती मोजली.
शिंक आली की आकडा चुकायचा,
पुन्हा एकपासून.
घाटावर धिवराचा डोंगा
पालथा वाळत होता. ह्यांनी त्याला
उगाच टिचकी मारून पाहिली,
टरबुजाला मारतात तशी.

एकतीस वर्षं ह्यांनी विजेच्या खांबांवर काढली.
मी खालून पाहायची, डबा हातात.
आता पायरीवर
माझ्याच उंचीला बसलेत,
वैनगंगेत पाय सोडून.

"परवाच्या गाडीनं जाऊ," काल म्हणाले.
आजही तेच म्हणाले.