हा-सेफाकोचं इतिवृत्त

इतिवृत्त मीच लिहायचं ठरलं,
दवाखान्याच्या नोंदवहीला माझ्याच हाताची सवय म्हणून.
दुसरीचा वर्ग. थोर माणसं
पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीपाशी,
खांद्यावर पट्ट्यांची जाड घोंगडी.
बाहेर दोन घोडे
आणि मासेरूहून आलेली गाडी,
चिखलात मूळचा रंग विसरलेली.

डॉक्टर न्थाबेलेंगनी फळ्यावर लिहिलं :
विषय पहिला. यश म्हणजे काय?
खसखस पिकली.
सगळ्या माना माकात्लेहोकडे.
आमच्यात पहिलं मूल झालं की आईला त्याचं नाव लागतं,
कात्लेहो म्हणजे यश,
ही यशाची आई.
तीही हसली. मग म्हणाली,
"माझं यश वेल्कमच्या खाणीत उतरलं
आणि छातीत धूळ भरून वर आलं.
सहा महिन्यांच्या गोळ्या होत्या.
चौथ्या महिन्यात त्याला बरं वाटलं,
तिथंच घात झाला.
तेव्हा दार वाजवणारं कुणी नव्हतं.
आता मी वाजवते."

मी लिहिलं : यशाच्या व्याख्येवर चर्चा झाली.
मग ते खोडलं.

घरभेटी, चारशे बारा.
जिल्हा कचेरीचे मोलेफी आकड्यावर बेहद्द खूश,
मूल्यमापन आणखी कशाला करायचं म्हणे.
"त्यातल्या एकतीस एकाच दाराच्या," माकात्लेहो म्हणाली.
"म्हातारा सेकोआला. तीसदा कडी निघाली नाही.
मी पायरीवर बसून बोलत राहायचे,
मक्याचं, बर्फाचं, त्याच्या मेलेल्या खेचराचं.
एकतिसाव्यांदा आतून आवाज आला :
खेचर नव्हतं ते, गाढव होतं.
आणि दार उघडलं.
आता सांगा साहेब,
आधीच्या तीस कुठल्या रकान्यात?"

खडू थांबला.
तेवढ्यात फोनवरून निधीवाल्यांचा आवाज,
डोंगरात अडकत, तुटत,
"तुलनेसाठी... नदीपलीकडची गावं... जिथं आपण अजून..."
गावप्रमुखांनी काठी मांडीवर आडवी घेतली.
"म्हणजे आपलं मोजून होईतो
पलीकडच्यांनी खोकत बसायचं?"
उत्तर आलंही असेल.
रेंज गेली होती.

शेगडीपाशी खेथांग बूट वाळवत होता.
मेंढक्या, पंधरा-सोळाचा, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
"घरोघरी विचाराल तर म्हाताऱ्याच भेटतील," तो म्हणाला.
"आम्ही वर असतो, मोतेबोवर, जनावरांपाशी.
तिकडं कोण येणार?"
"वर कितीजण आहात?" डॉक्टरांनी विचारलं.
तो बोटं मोजेना. डोळे मिटले त्यानं.
"अंधार पडला की प्रत्येक कड्यावरून
एकेक शिट्टी येते, मी आहे म्हणून.
गेल्या वर्षी सात यायच्या.
यंदा पाच."

वर्गात शेगडीचा आवाज तेवढा.

मग बराच वेळ घोड्यांवर गेला.
पेट्रोलला तरतूद आहे, चाऱ्याला नाही,
मोलेफींनी तीनदा पानं उलटली, चष्मा पुसला,
शेवटी चारा बसवला वाहन दुरुस्तीत.
प्रश्नावली माकात्लेहो आणि खेथांग तपासतील.
खेथांगला वाचता येत नाही,
त्याला वाचून दाखवायची.
नदीपलीकडच्यांचा प्रश्न तसाच राहिला.
प्रमुखांनी तो तसाच लिहायला लावला,
शाईनं.
पुढची बैठक : खिंडीतला बर्फ वितळल्यावर.

माणसं उठली, बाकं कुरकुरली.
फळ्यावरचं पुसायला मी ओलं फडकं घेतलं,
खालच्या कोपऱ्यात डॉक्टरांच्या अक्षरात होतं : ७, ५.
पुढं ना एकक, ना शीर्षक.
उद्या सकाळी दुसरीची पोरं
वजाबाकी समजून सोडवतील.
तेवढं राहू दिलं.

दारात माकात्लेहो थांबली,
माझ्या खांद्यावरून वहीत डोकावली,
बोट ठेवून म्हणाली,
"इथं गाढव कर. खेचर नाही.
तो वाचून घेईल कुणाकडून तरी,
आणि पुन्हा कडी लावेल."