वीत आणि चार बोटं

बत्तीस वर्षं मी लोकांची छपरं शाकारली,
काराकेटच्या किनाऱ्यावर, जिथे खाडीचा वारा
आपण खिळा ठोकायच्या आधी पत्रा उचलून बघतो.
पडलो एकदाच.
उंची काही फार नव्हती,
तेलेस्फोरच्या गोठ्याची वळचण.
पण खाली नोव्हेंबर होता.

डॉक्टर म्हणाला, किती उंचावरून?
मी म्हटलं, ते सोडा,
कशावर, ते विचारा.

नात चालायला लागली, त्याच आठवड्यात चढायला.
जावयाने झोपाळा आणला, घसरगुंडीसकट,
मागच्या अंगणात उभा केला, आणि हात झटकत म्हणाला,
गवत आहे की खाली, मऊ.
रेजाँ बोटीवरचा माणूस. त्याला पाणी कळतं.
गवत म्हणजे चिकणमातीवर अंथरलेली चादर,
पंधरा दिवस पोरांचे पाय घासले की विरते,
आणि खालची खाट उघडी पडते.

त्या रात्री सगळे झोपल्यावर
मी शिडीवर चढलो, डझनभर अंडी खिशात घालून.
पाठ मोडल्यापासून मला शिडी बंद आहे.
गवतावर टाकलं: गेलं.
ढलप्यांच्या थरावर, चार बोटं जाड: गेलं.
वीतभर थरावर
रुतलं, जरा कललं, थांबलं.
कंदिलाजवळ धरून फिरवून पाहिलं, कुठे रेघ नाही.
मी खालच्या पायरीवर बसून राहिलो, ते अंडं हातात,
गार पडेपर्यंत. अंडं नव्हे, मी.
सकाळी जिनेट अंडी शोधत होती.

जुन्या धक्क्याची लाकडं फुकट मिळत होती.
नको म्हटलं, किडीसाठी त्यांत विष मुरवलेलं असतं,
आणि पोर प्रत्येक गोष्ट आधी तोंडानं ओळखते.
देवळामागचा पॉपलर वादळात आडवा झाला होता,
त्याच्या ढलप्या आणल्या, अकरा खेपा.
वीत आणि चार बोटं टाकल्या:
वीत पोरीची,
चार बोटं पावसाची, तो ती दाबून घेतोच.
झोका जिथे टांगलाय, तिथून जमिनीचं अंतर मोजलं,
त्याच्या दुप्पट पुढे, दुप्पट मागे,
कारण पोर खाली पडत नाही, लांब पडते.
खांबावर लाल रंगाची एक रेघ मारली.
रेघ दिसली की ढलप्या कमी.

तेव्हापासून दर शनिवारी दंताळं.
झोक्याखाली पाय घासून खळगा पडतो,
नेमका तिथेच, जिथे ती पडणार,
आणि ढलप्या कडेला जाऊन बसतात, जिथे कुणीच पडत नाही.
मी त्यांना परत बोलावतो.
खालच्या थराची माती होत जाते, अळंबी उगवतात,
मांजर येतं आपलं काम उरकायला,
एकदा त्यात सापडला माझाच हरवलेला चष्मा.
रेजाँ हसतो. हसू दे.

जुलैमध्ये सोलँज शिडीच्या टोकावरून सुटली.
आवाज नाही. मी तिथवर धावलो,
म्हणजे धावल्यासारखं केलं.
केसांत ढलपी, एक बूट गायब,
ती माझ्याकडे बघून ठरवत होती
रडायचं की नाही.
मी चेहरा सपाट ठेवला.

डिसेंबरात मी झोके काढून खोपटात टांगतो.
ढलप्या तेवढ्याच, रेघेच्या वरच,
पण आत पाणी गोठलेलं, दंताळ्याचा दात वाकला.
पोर खिडकीला नाक लावून: पेपेर, का?
सांगून पाहिलं. चार वर्षांच्या माणसाला
नोव्हेंबर कसा सांगणार?

मग तिला टोपी घालून बाहेर नेलं,
खांद्याइतक्या उंचीवरून एक अंडं सोडलं.
ती वाकून बराच वेळ पाहत राहिली,
पिवळा बलक बर्फावर घट्ट होत होता.
मला वाटलं, कळलं.
तिनं हात पुढे केला.
पेपेर, अजून एक.